'कॅच मी इफ यू कॅन' आणि १,४४८ डॉलर ६० सेंट

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'कॅच मी इफ यू कॅन' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००२ चा सिनेमा, लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि टॉम हँक्स. हॉस्टेलमध्ये एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर जे दहा-बारा इंग्रजी सिनेमे वर्षानुवर्षं फिरत असतात, त्यात हा हमखास असतो. एरवी मी इथे पेपर कसा वाचायचा, लिटरेचर रिव्ह्यू कुठून सुरू करायचा असल्या गोष्टींवर लिहिते. आज सिनेमावर लिहितेय, पण विषय फार लांबचा नाही. तुम्ही पेट देऊन पीएचडीला लागलात की कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' नावाचा दोन क्रेडिटचा पेपर येतो. त्यात व्याख्या भरपूर असतात: फॅब्रिकेशन, फॉल्सिफिकेशन, प्लेजरिझम. पाठ करायला सोप्या. पण एखादी बनावट गोष्ट चाळीस वर्षं खरी म्हणून कशी टिकते, हे त्या व्याख्यांतून कळत नाही. या सिनेमातून कळतं, फक्त सिनेमाला ते सांगायचं नव्हतं.

गोष्ट थोडक्यात अशी. फ्रँक अबॅग्नेल नावाचा मुलगा सोळाव्या वर्षी घरातून पळतो. पॅन अ‍ॅम कंपनीचा वैमानिक म्हणून फुकट जगभर फिरतो, जॉर्जियातल्या एका हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञ होतो, लुईझियानात वकिलीची परीक्षा पास होऊन सरकारी वकील होतो आणि या सगळ्या काळात खोटे चेक वटवत राहतो. एफबीआयचा एक अधिकारी त्याच्या मागावर. शेवटी फ्रान्समध्ये पकडला जातो आणि पुढे त्याच एफबीआयला खोटे चेक ओळखायला मदत करू लागतो. सुरुवातीलाच पडद्यावर येतं की ही कथा सत्य घटनेवरून प्रेरित आहे. त्यामागे आहे १९८० साली अबॅग्नेलने स्टॅन रेडिंग या पत्रकाराबरोबर लिहिलेलं त्याच नावाचं आत्मचरित्र.

सिनेमा म्हणून तो चांगला आहे, यात वाद नाही. क्रिस्टोफर वॉकेनने केलेला बाप तर विसरता येत नाही. हरलेला, पण मुलासमोर हरलेला दिसू नये म्हणून धडपडणारा. जॉन विल्यम्सचं संगीत, साठच्या दशकातले ते रंग, सव्वादोन तास कसे जातात कळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

आता पहिला प्रसंग पुन्हा बघा. सिनेमा सुरू होतो 'टू टेल द ट्रुथ' या अमेरिकन टीव्हीवरच्या खेळाने. खरा अबॅग्नेल १९७७ मध्ये या कार्यक्रमात गेला होता, स्पीलबर्गने त्यात डिकॅप्रिओला बसवलंय. खेळ असा: तिघं येतात, तिघंही म्हणतात की मीच फ्रँक अबॅग्नेल. त्याच्या पराक्रमांची यादी वाचली जाते. मग परीक्षक प्रश्न विचारतात आणि तिघांतला खरा कोण ते ओळखतात. नियम असा की दोघा तोतयांना खोटं बोलायची मुभा, पण खऱ्या माणसाने खरंच बोलायचं.

यात गंमत काय आहे ते लक्षात आलं? परीक्षकांसमोरचा प्रश्न आहे, 'या तिघांपैकी हे सगळं केलेला माणूस कोणता?' मात्र 'हे सगळं कुणी केलंय का?' हा प्रश्न खेळात नाहीच. तो विचारायला जागाच ठेवलेली नाही. यादी गृहीत आहे. कितीही हुशार परीक्षक आणा, कितीही खोचक प्रश्न विचारा, खेळाच्या रचनेमुळे ती यादी सहीसलामत बाहेर पडते. वर तिला 'सत्य सांगणाऱ्या' कार्यक्रमाचा शिक्का मिळतो. हायपोथेसिस टेस्टिंग शिकताना आपण नल हायपोथेसिस काय आहे ते आधी लिहून काढतो, ते यासाठीच. चुकीचा नल घेतला की गणित बरोबर येऊनही उत्तराला अर्थ राहत नाही.

आता यादीकडे वळू. साधं भागाकाराचं गणित करून बघू, कागद-पेन्सिल पुरे. अबॅग्नेलचा दावा आहे की पाच वर्षांत त्याने १७ हजार खोटे चेक वटवले, एकूण २५ लाख डॉलरचे. पाच वर्षांचे दिवस १,८२५. म्हणजे दिवसाला नऊहून जास्त चेक. रविवार, नाताळ, आजारपण, काही सुट्टी नाही. ज्या अकरा महिन्यांत हॉस्पिटलात रात्रपाळी करायची त्यातही रोज नऊ. विमानाचं बघा. सोळा ते अठरा वयात अडीचशेहून जास्त फेऱ्या, दहा लाख मैल. भागाकार केला तर सरासरी फेरी चार हजार मैलांची. न्यूयॉर्क ते लंडन अंतर साधारण साडेतीन हजार मैल आहे. म्हणजे दोन वर्षं दर तिसऱ्या दिवशी अटलांटिक ओलांडण्याहून मोठा प्रवास, तोही दर वेळी दुसऱ्या वैमानिकांच्या शेजारी कॉकपिटमध्ये बसून, आणि कुणाला शंका नाही. यात अशक्य असं भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काही नाही, हे मान्य. पण असे आकडे पेपरच्या टेबलमध्ये दिसले तर तुमचे गाईड लाल पेन काढतील.

सिनेमात हे आकडे आणखी फुगतात. चेकची रक्कम जवळजवळ ४० लाख डॉलर होते आणि सगळं एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आत उरकतं. सांगोवांगी पुढे जाणाऱ्या आकड्याचं असंच होतं, तो सहसा लहान होत नाही.

भागाकाराने मात्र फक्त शंका येते, पुरावा मिळत नाही. पुरावा मिळतो तारखांतून. लॅब नोटबुकच्या प्रत्येक पानावर तारीख टाका म्हणून आमचे सर इतके का ओरडायचे, ते मला अ‍ॅलन लोगन यांचं पुस्तक वाचताना नीट कळलं. लोगन यांनी २०२० मध्ये 'द ग्रेटेस्ट होक्स ऑन अर्थ' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी केलेलं काम ऐकायला अगदी कंटाळवाणं आहे: तुरुंगाच्या नोंदी, कोर्टाची कागदपत्रं, त्या त्या गावच्या वर्तमानपत्रांचे जुने अंक. त्यातून निघालं ते असं. २६ जुलै १९६५ ते २४ डिसेंबर १९६८ या काळात अबॅग्नेल न्यूयॉर्क राज्यातल्या कॉमस्टॉक इथल्या ग्रेट मेडो तुरुंगाचा कैदी होता. मध्ये आईकडे राहण्याच्या अटीवर थोडा काळ बाहेर होता, ती अट मोडून पुन्हा आत. वय सतरा ते वीस. म्हणजे ज्या वर्षांत तो आकाशात, ऑपरेशन थिएटरात आणि कोर्टात असल्याचं सांगतो, त्यातली बहुतेक वर्षं कोठडीत गेली.

सुटल्यावर १९६९ च्या सुरुवातीला तो लुईझियानातल्या बॅटन रूज शहरात दिसतो. सरकारी वकील म्हणून नाही. एका हवाई सुंदरीच्या मागे लागून तिच्या आईवडिलांच्या घरी पोचलेला, वैमानिक म्हणून ओळख करून दिलेला पाहुणा म्हणून. त्या कुटुंबाने त्याला जेवू घातलं, राहू दिलं. त्याने त्यांचेच चेक चोरले. अटक झाली, शिक्षा झाली, प्रोबेशन मोडून तो युरोपात पळाला. तिथे फ्रान्स आणि स्वीडनमध्ये काही महिने तुरुंगात. अमेरिकेत परत आल्यावर पॅन अ‍ॅमच्या नावाचे खोटे चेक वटवले, त्याबद्दल १९७१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, शिवाय पळून गेल्याबद्दल दोन वर्षं. त्या चेकची संख्या दहा. एकूण रक्कम १,४४८ डॉलर ६० सेंट.

सतरा हजारांऐवजी दहा.

इथे कुणी म्हणेल, अगं, सिनेमा आहे तो, डॉक्युमेंटरी नाही. थोडंफार वाढवून सांगणारच. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. कारण हा सिनेमा 'खरं आहे' या चार अक्षरांवर उभा आहे. वकिलीच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. एफबीआयचा हॅनरॅटी सिनेमाभर विचारत राहतो की त्या परीक्षेत तू फसवलंस कसं? शेवटी उत्तर मिळतं: फसवलं नाही, दोन आठवडे अभ्यास केला आणि पास झालो. थिएटरात हशा येतो, कौतुकाचा. हीच गोष्ट काल्पनिक म्हणून दाखवली असती तर तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, काहीही! शाळा सोडलेला पोरगा दोन आठवड्यांत? पटकथेला मग त्यासाठी काही तयारी दाखवावी लागली असती, काही तरी विश्वासार्ह रचावं लागलं असतं. 'सत्य घटना' म्हटल्यावर ती मेहनत वाचते. जिथे कथा लंगडते तिथे प्रेक्षक स्वतःच म्हणतो, पण हे झालंय खरंच. खोटं बोलणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी सोय ही, की ऐकणाराच त्याच्या वतीने कारणं शोधू लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. सिनेमातला प्रसिद्ध प्रसंग: मायामी विमानतळावर निळ्या गणवेशातल्या हसऱ्या मुलींच्या घोळक्यात लपून फ्रँक पोलिसांसमोरून निघून जातो. कॉलेजातून 'भरती' केलेल्या त्या मुली. मागे गाणं, सगळं कसं चकचकीत. प्रत्यक्षात १९७० च्या सुमारास अबॅग्नेल खरोखरच कॉलेजांच्या आवारात पॅन अ‍ॅमसाठी हवाई सुंदऱ्या निवडायला आलोय असं सांगत फिरत होता. अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याने वैमानिक आणि डॉक्टर, दोन्ही असल्याचं सांगितलं, आणि तिथल्या एका तत्कालीन विद्यार्थ्याच्या म्हणण्यानुसार काही मुलींची शारीरिक तपासणीही केली. त्या मुलींच्या जागी स्वतःला किंवा बहिणीला ठेवून बघा आणि मग तो विमानतळावरचा प्रसंग पुन्हा लावा. मला तरी नंतर तो हसत बघता आला नाही.

आत्मचरित्राचा नायक मोठ्या बँका आणि विमान कंपन्यांनाच फसवतो, सामान्य माणसाला हात लावत नाही. सिनेमानेही त्याला तसाच ठेवलाय, म्हणून तो आपल्याला आवडतो. बॅटन रूजचं ते कुटुंब, कॉलेजातल्या त्या मुली, १९७४ मध्ये टेक्सासमधल्या मुलांच्या शिबिरात ज्यांचे कॅमेरे चोरल्याबद्दल त्याला अटक झाली ते सहकारी, यांतलं कुणीच पडद्यावर नाही. खोट्या पराक्रमांनी खऱ्या चोऱ्या झाकल्या. 'थापा मारतो, पण कुणाचं काय बिघडतं?' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्या बाबतीत हे आधी तपासावं की त्याच्या थापांच्या मागे कोण दिसेनासं झालंय.

आता तुमच्या कामाचा भाग. हे सगळं २०२० मध्येच कळलं का? अजिबात नाही. ६ ऑक्टोबर १९७८ ला 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'मध्ये स्टीफन हॉल या पत्रकाराचा लेख आला होता. त्याने अबॅग्नेलने नाव घेतलेल्या बँका, शाळा, हॉस्पिटलं यांना सरळ फोन लावले. कुणाकडेच त्याच्या दाव्याला आधार मिळाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'डेली ओक्लाहोमन'च्या आयरा पेरी यांनीही तपास करून तेच लिहिलं. म्हणजे पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी आणि सिनेमाच्या चोवीस वर्षं आधी दोन बातमीदारांनी, गुगल नसताना, फोनवरून हा प्रकार उघड केला होता. तरी पुस्तक छापलं गेलं, खपलं, सिनेमा झाला, ब्रॉडवेवर संगीतिका झाली.

का, याचं एक कारण तुम्हाला ओळखीचं वाटेल. अँड्र्यू वेकफील्डचा लस आणि ऑटिझमचा पेपर १९९८ चा, 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला २०१० मध्ये, आणि आजही व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातलं म्हणणं फिरतं. मूळ दावा राजधानी एक्सप्रेसने जातो आणि दुरुस्ती पॅसेंजरने. १९७८ चे ते लेख एका शहराच्या पेपरात राहिले, अबॅग्नेल मात्र जॉनी कार्सनच्या शोमध्ये देशभर दिसला.

दुसरं कारण आपल्या कामाच्या जास्त जवळचं आहे. टीव्ही कार्यक्रमाने त्याला ओळख दिली. पुस्तकाने टीव्हीचा आधार घेतला. सिनेमाने पुस्तकाचा. २०१७ मध्ये तो गुगलच्या कार्यालयात बोलायला गेला तेव्हा ओळख करून द्यायला सिनेमाच होता, आणि त्या भाषणाचा व्हिडिओ पाहिलेली माणसं आता त्याचाच दाखला देतात. मोजलं तर पाच-सहा 'स्रोत' दिसतात. उलट दिशेने चालत गेलात तर सगळे एकाच माणसाच्या तोंडाशी येऊन थांबतात. पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये एका वाक्याला कंसात सहा संदर्भ जोडलेले असतात ना, त्यातले पाच सहाव्यालाच उद्धृत करत असतील तर ते सहा नव्हेत, एकच आहे. रिव्ह्यू लिहिताना हे तपासायला अर्धा दिवस जातो, आणि ज्यांच्याकडे अर्धा दिवस नसतो ते सातवा संदर्भ होतात.

मध्येच एक आठवलं. मागच्या वर्षी एका परिषदेत चहाच्या वेळी एक गृहस्थ भेटले. पाच मिनिटांत त्यांनी परदेशी अंतराळ संस्थेतला प्रकल्प, तीन पेटंटं आणि 'नोबेलसाठी नामांकन' एवढं सगळं सांगून टाकलं. टेबलाभोवती आम्ही सहा-सात संशोधक विद्यार्थी, सगळे माना डोलावत होतो. आता, नोबेलची नामांकनं पन्नास वर्षं गुप्त ठेवली जातात, हा तिथला नियमच आहे. कुणी आजच्या काळात 'नोबेल नॉमिनी' म्हणून ओळख करून दिली की तपासायला काही मार्गच नसतो, आणि म्हणूनच ती उपाधी इतकी सोयीची. पेटंटचं मात्र तसं नाही. पेटंटला क्रमांक असतो. शेजारच्या मुलीने अगदी साध्या आवाजात, आदर ठेवून विचारलं, 'सर, पेटंट नंबर मिळेल का? मला माझ्या कामात सायटेशनला लागेल.' सर म्हणाले मेल करतो. मेल आयडी न घेताच गेले.

तिचा प्रश्न मला 'टू टेल द ट्रुथ'च्या सगळ्या परीक्षकांपेक्षा चांगला वाटला, कारण त्यात आरोप नव्हता. ज्या गोष्टीची कुठे तरी नोंद असायलाच हवी तीच तिने मागितली. अबॅग्नेलच्या यादीतही अशा गोष्टी होत्या: वकिलीची परीक्षा, सरकारी नोकरी, विद्यापीठातली शिकवणी. या प्रत्येकीचं कुठे तरी रजिस्टर असतं. हॉलने १९७८ मध्ये तेच तर विचारलं.

अबॅग्नेलचं यावर काय म्हणणं? सिनेमा आला तेव्हा, २००२ मध्येच, त्याने जाहीर केलं होतं की सहलेखकाने काही भाग रंगवून लिहिला, त्याच्याशी मोजक्याच वेळा बोलणं झालं होतं. ठीक, समजू शकतो. पण मग पंधरा वर्षांनी गुगलच्या व्यासपीठावर तीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने का? तिथे तर सहलेखक नव्हता. त्याच्या बाजूने एक सांगायला हवं: फसवणूक कशी टाळावी यावर त्याने पुढे खरोखर व्यवसाय उभा केला, बँकांना सल्ले दिले, ते सगळंच खोटं नाही. गंमत अशी की त्या व्यवसायाचं भांडवल त्या बनावट पूर्वायुष्याचंच होतं. साडेचौदाशे डॉलरच्या चोराला भाषणाला कोण बोलावणार?

लोगन यांच्या पुस्तकाबद्दलही आंधळा भक्तिभाव नको. कागदपत्रं एवढंच सांगतात की अमुक तारखेला माणूस अमुक ठिकाणी होता. गणवेश घालून तो कधीच कुठल्या विमानात चढला नसेल, असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि सुटकेनंतर त्याने वैमानिकाचा वेष घेतला होता हे तर नोंदींतूनच दिसतं. पडतं ते मोठं चित्र: पाच वर्षांचा तो सलग पराक्रम. हा फरक सांभाळून बोलायची सवय आतापासून लावा. व्हायवामध्ये 'सगळंच खोटं आहे' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न तिथेच येतो.

आणि सिनेमा पुन्हा बघणार असाल तर जरूर बघा, मीही बघते. वॉकेनसाठी. मला राहून राहून वाटतं की खऱ्या कागदांवरून केलेला सिनेमा जास्त चांगला झाला असता: बॅटन रूजमधलं ते जेवणाचं टेबल, वैमानिकाच्या गणवेशातला वीस वर्षांचा पोरगा, दोन महिन्यांपूर्वीच तुरुंगातून सुटलेला, आणि समोर त्याला आणखी थोडा भात वाढू का विचारणारी एक बाई.